दफा ३०२ आणि पडद्यावरचे कोर्ट

माझ्या पिढीला कायद्याची पहिली शिकवणी दूरदर्शनने दिली. रविवारच्या हिंदी चित्रपटांतून 'ताजिरात-ए-हिंद, दफा ३०२' आम्हांला पाठ झाले. गीतेवरची शपथ आणि न्यायाधीशांचा हातोडाही तिथलाच. प्रत्यक्षात १९६९च्या शपथ कायद्याला धर्मग्रंथ लागत नाही. हातोडाही आपल्या न्यायालयांत वापरला जात नाही.

या तपशिलांच्या चुका किरकोळ आहेत. खरी उणीव निराळी : पडद्याने शिक्षेची भाषा शिकवली, हक्काची नाही. दफा ३०२ घडाघडा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना संविधानाचे कलम २२ ठाऊक होते? अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे, असे ते सांगते. चित्रपटातला आरोपी मात्र अटकेनंतर थेट खटल्यातच दिसे.

अपवाद 'रजनी'चा. बासू चटर्जी यांच्या या मालिकेत (१९८५) प्रिया तेंडुलकरांची गृहिणी कोर्टाची पायरी न चढता जाब विचारी. पुढच्याच वर्षी ग्राहक संरक्षण कायदा आला. तक्रार हाही नागरिकाचा अधिकार, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (२०१४) उरलेला धडा दिला : तारखा, कागद, नाकारलेला जामीन. निकालाआधीची ही वर्षेच आरोपीची शिक्षा होऊन बसतात.

१ जुलै २०२४ पासून खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले. आमचा पाठ केलेला आकडा बाद झाला. कलम २२ आहे तिथेच आहे, अजून पाठ व्हायचे.