हिरवा चुडा, हिरवा पडदा

ग्रीन स्क्रीनला नावं ठेवायची झाली की लोक कडा दाखवतात. केसांभोवती थरथरणारी हिरवट रेघ, खांद्याला मधूनच पडणारं भोक. आमच्या रिसोडकडच्या लग्नाच्या व्हिडिओंत हे सर्रास दिसतं. साधा कॅमेरा उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवतो, पण रंगाची चार पिक्सेलांमागे एकच. सॉफ्टवेअरला रंग बघूनच कापायचं असल्यामुळे केसांच्या बटांपाशी ते चाचपडतं. बरे दिवे आणि बरा कॅमेरा आणला की हा दोष बराचसा जातो, म्हणून मी त्याला फारसं महत्त्व देत नाही.

हिरवाच रंग का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. कातडी कुठल्याही वर्णाची असो, तिच्यात तांबूस अंश जास्त. शिवाय डिजिटल सेन्सरवरचे निम्मे पिक्सेल हिरवा टिपतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायरच्या या रचनेला पेटंट मिळालं 1976 मध्ये. थोडक्यात हिशेब असा, की हिरवं माणसाच्या अंगावर नसतं.

हा हिशेब करणाऱ्यांनी मराठी नवरी पाहिली नसावी. कीइंगमध्ये सगळ्यात आधी चुडा जातो आणि मनगटातून स्वित्झर्लंडचा बर्फ दिसायला लागतो. आमच्या नात्यातल्या एका लग्नात शूटिंगवाल्यानं सरळ सुचवलं, "ताई, गाण्यापुरता चुडा उतरवून ठेवा ना." आजी काही बोलली नाही, नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो निळं कापड घेऊन आला. (नवरदेवाचा फेटा निळा असता तर काय केलं असतं, कोण जाणे.) त्याला बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मागचं दृश्य हवं तर अंगावरचं काहीतरी काढा, अशी अटच हे तंत्र घालतं.

याहून अवघड प्रकरण बंजारा गाण्यांचं. पोहरादेवी आमच्याच वाशिम जिल्ह्यात, त्यामुळे ही अल्बमगाणी इकडे खूप पाहिली जातात. फेटिया-कांचळीवर आरसे जडवलेले असतात. बाई गिरकी घेते, आरसे तिरके होतात आणि बाजूचं हिरवं कापड टिपतात. एडिटर ती हिरवी झाक मारतो, मग आरसे राखाडी पडतात. मागे राजवाडा आणि अंगावर शंभर आंधळे आरसे!

'द मँडलोरियन' (2019) या मालिकेपुढे हीच अडचण होती. नायकाचं शिरस्त्राण आणि चिलखत चकचकीत. त्यांनी अवाढव्य एलईडी भिंती उभारून पार्श्वभूमी तिथेच चालवली, म्हणजे तिचा उजेड आणि प्रतिबिंब खरोखर चिलखतावर पडलं. आभासी सेट जोखताना मी हेच बघतो: मागचं दृश्य पुढच्या माणसाला शिवतं का? बातम्यांच्या वाहिन्यांवर निवडणुकीच्या रात्री निवेदकाशेजारी आख्खं विधानभवन उगवतं, पण त्याच्या गालावरचा उजेड तसूभरही बदलत नाही.

यावर पैसा हाच एक उपाय आहे असं मात्र मला वाटत नाही. जुन्या फोटो स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यावर माणसाची सावली तरी पडायची. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये (1919) सुरुवातीला त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिच्याच जागी कृष्ण उमटतो. युक्ती लपवलेली नाही, तरी पुढे ती कृष्णच वाटते. आपल्याकडे मात्र मुलगी लपवून थेट गोकुळ दाखवायची घाई.

मध्यंतरी एक बंजारा गाणं पाहिलं. अर्धं महालात, अर्धं सोयाबीनच्या शेतात. व्ह्यूज महालाच्या थंबनेलवर मिळाले असतील, हरकत नाही. पण शेतात ती वळली तेव्हा आरशांत आधी आभाळ आलं, मग सोयाबीनचा हिरवा. तो काढून टाकावा असं कुणाला वाटलं नव्हतं.