सिंहलद्वीपाचे आमंत्रण

जाहिरातीच्या मजकुराला वाङ्मय म्हणावे काय, आणि म्हटले तरी त्याची समीक्षा करण्याचे श्रम घ्यावेत काय, अशी शंका आमच्या काही वाचकांस येईल. आमचे उत्तर असे की, जे लिखाण सुशिक्षित कुटुंबांत सर्वाधिक वाचले जाते, ज्याच्या भरवशावर वर्षाची शिल्लक खर्ची पडते आणि ज्याच्यामुळे एका देशाविषयीचे आपले मत कायमचे बनते, त्याकडे समीक्षकाने पाठ फिरविणे योग्य नव्हे. सुट्यांचे दिवस जवळ आले की आमच्या घरांतून कादंबऱ्यांपेक्षा सहलींची पत्रकेच अधिक चाळली जातात. त्यांपैकी श्रीलंकेच्या पत्रकांचा आम्ही येथे विचार करीत आहो. नालासोपाऱ्याच्या रहिवाशांस तर तो करण्याचा विशेष अधिकार आहे. तो कोणता, हे पुढे येईलच.

प्रथम या आमंत्रणामागची निकड ध्यानात घेतली पाहिजे. परदेशी प्रवाशांस बोलावण्यासाठी त्या देशाने 1966 साली कायद्याने स्वतंत्र मंडळ स्थापन केले. 2018 साली तेथे सुमारे 23 लक्ष प्रवासी गेले. पुढील वर्षी एप्रिलच्या 21 तारखेस, ईस्टरच्या दिवशी, देवळे आणि हॉटेले यांत बाँबस्फोट झाले. त्यामागून महामारी आली. आणि 2022 च्या एप्रिलात परदेशी कर्जाची फेड थांबवीत असल्याचे त्या सरकारास जाहीर करावे लागले. इंधनासाठी लागलेल्या रांगा जगाने पाहिल्या. अशा देशास प्रवाशाच्या हातचे परकीय चलन म्हणजे औषध होय. 2024 साली प्रवाशांची संख्या पुनः 20 लक्षांवर गेली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा, चार लक्षांहून अधिक, हिंदी प्रवाशांचा होता. तेव्हा हे आमंत्रण गरजवंताचे आहे, आणि गरजवंताच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती आली तर ती आम्ही क्षम्य मानतो. आमचा आक्षेप अतिशयोक्तीवर नाही; तो अल्पोक्तीवर आहे.

2018 च्या नोव्हेंबरात त्या देशाने ‘सो श्रीलंका’ हे घोषवाक्य प्रसिद्ध केले. वाक्य म्हणावे तर त्यास क्रियापद नाही, आणि विशेषण म्हणावे तर विशेषणाची जागाच रिकामी सोडलेली आहे. इतके म्हणजे किती आणि कसे, हे ज्याचे त्याने भरावे! रचनेच्या दृष्टीने ही युक्ती चतुर आहे, हे कबूल. परंतु ज्या बेटाजवळ अनुराधपुराचा बोधिवृक्ष आहे, पाचव्या शतकातील सिगिरियाच्या कड्यावर ज्याचे चित्रकार आमच्या अजिंठ्याच्या चित्रकारांशी स्पर्धा करितात, त्याने आपले वर्णन रिकाम्या जागेने करावे, ही चातुर्याची नव्हे, दैन्याची खूण होय. कोणत्याही किनाऱ्यास लावता येईल ते वर्णन कोणत्याच किनाऱ्याचे नसते. पत्रकांतील वाळू, माडांच्या रांगा आणि सूर्यास्त हे सारे आमच्या अर्नाळ्यास आणि राजोडीसही आहे.

हिंदी गिऱ्हाइकासाठी या पत्रकांत एक निराळे प्रकरण असते, ते म्हणजे रामायणाची यात्रा. नुवर एळियाजवळचे सीता एळिय म्हणजे अशोकवन, दिवुरुंपोळ म्हणजे सीतेच्या दिव्याची जागा, गॉलजवळचे रुमस्सल म्हणजे हनुमंताच्या हातून निसटलेला द्रोणागिरीचा तुकडा, अशी ही स्थळमालिका आहे. श्रद्धेने जाणाऱ्याच्या श्रद्धेस आम्ही हात लावीत नाही; स्थानिक आख्यायिका हेही एक प्रकारचे लोकधन आहे. परंतु पत्रक आख्यायिकेस आख्यायिका म्हणत नाही. ते अंतर, वेळ आणि भोजनाची सोय यांच्याच पंक्तीस तिला बसविते. रामायणातील लंका कोठे होती हा प्रश्न विद्वानांत वादग्रस्त आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी तर ती मध्य हिंदुस्थानात असावी असा पक्ष मांडिला. वादाचा उल्लेखही न करता यात्रेकरूस आसन राखून देणे, ही वाचकाच्या बुद्धीची अवहेलना आहे. आणखी एक गोष्ट. यजमानाच्या घरी गेल्यावर आपल्याच घरच्या तसबिरी तेवढ्या पाहून परतावे, असा हा प्रवास होतो. सिंहली लोकांची स्वतःची भाषा, त्यांचे विहार, त्यांचा इतिहास यांस त्यात जागा उरत नाही.

आता आमच्या अधिकाराची गोष्ट. श्रीलंकेशी आमचा संबंध शोधण्यासाठी द्रोणागिरीचा तुकडा धुंडाळण्याचे कारण नाही. तो संबंध आमच्या पायांखाली आहे. आज ज्यास नालासोपारा म्हणतात ते प्राचीन शूर्पारक बंदर होय. पाली ग्रंथांत त्याचे नाव सुप्पारक. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुडराजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा विटांचा ढिगारा खणला, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, आठ ब्राँझच्या मूर्ती आणि सर्वांत आतल्या सुवर्णकरंडकात मातीच्या पात्राचे बारीक तुकडे निघाले. ते तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे होत अशी समजूत आहे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा खंडही येथेच मिळाला, आणि 1956 साली जवळच्या भुईगावी नवव्याचा.

सिंहलाच्या ‘दीपवंस’ आणि ‘महावंस’ या इतिवृत्तांत सोपाऱ्याचे नाव सिंहली राष्ट्राच्या जन्मकथेतच येते. वडिलांनी दांडगाईबद्दल हद्दपार केलेला राजपुत्र विजय आपल्या सातशे साथीदारांसह गलबतातून भटकत प्रथम सुप्पारकास लागला, आणि तेथून निघून लंकेस पोहोचला. तो येथेच का राहिला नाही? ‘महावंस’ एवढेच सुचवितो की साथीदारांच्या हिंसक वर्तनामुळे त्यास भय वाटले. ‘दीपवंस’ अधिक स्पष्ट आहे. सोपारकरांनी या पाहुण्यांचे आदरातिथ्य केले. पाहुण्यांनी मद्यपान, चोरी आणि व्यभिचार यांनी त्याची परतफेड केली. तेव्हा गावकरी खवळले. ही कथा इतिहास म्हणून कितपत घ्यावी हा भाग वेगळा. परंतु एका राष्ट्राने आपल्या मूळपुरुषाविषयी इतके निःसंकोच लिहून ठेवावे, हे त्या इतिवृत्तकारांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. आमंत्रणाच्या सर्व आधुनिक वाङ्मयात पाहुण्याच्या वर्तनाविषयी इतके खरे वाक्य आम्हांस आढळले नाही.

हीच ती अल्पोक्ती. पत्रक पाहुण्यास काय मिळेल ते सांगते. पाहुण्याने कसे वागावे, हे सांगत नाही. विहारात खांदे व गुडघे झाकून, पादत्राणे काढून जावे, बुद्धमूर्तीकडे पाठ करून आपले छायाचित्र काढवू नये, एवढेही कित्येकांस तेथे गेल्यावर दटावणीनेच कळते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा रंगविली आहे. गलबत फुटून बेटावर लागलेल्या व्यापाऱ्यांस सुंदर स्त्रिया गोड शब्दांनी बोलावितात, आणि त्या राक्षसिणी निघतात. गोड आमंत्रणापासून पाहुण्याने सावध राहावे हा अजिंठ्याचा धडा. पाहुण्यापासून यजमानाने सावध राहावे हा सोपाऱ्याचा. दोन्ही कथा महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित असाव्यात आणि दोहोंपैकी एकही पत्रकात नसावी, हे नवल होय.

तुलनेसाठी आम्ही एक मराठी पुस्तक पुढे ठेवितो: धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’, 1924 साली प्रसिद्ध झालेले. गोव्यातील साखवाळचा हा गृहस्थ बौद्ध धर्माचे ज्ञान मिळविण्याच्या एकाच ध्यासाने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ अशी पायपीट करून 1902 साली कोलंबोस पोहोचला, आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी श्रामणेर होऊन पाली शिकला. सिंहलद्वीपाची जाहिरात करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. तरी त्या बेटाविषयी आदर उत्पन्न करण्याचे जे काम रंगीत पत्रकांच्या गठ्ठ्यांस साधत नाही, ते या साध्या आत्मकथनाने होते. याचे कारण शैलीत नाही. कोसंबी तेथे शिष्य म्हणून गेले, आणि जो शिकण्यास जातो त्यास यजमान मोठा दिसतो. जो केवळ उपभोगण्यास जातो त्यास तो चाकर दिसतो. 1950 साली कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस डॉ. आंबेडकर गेले. त्यांच्या अनुयायांच्या घरांतून आज अनुराधपुरास जाण्याची इच्छा धरणाऱ्यांसाठी हीच खरी परंपरा होय.

कोणी म्हणेल, गरजवंत देशास पैसा हवा आहे. त्यास शिष्य देऊन काय उपयोग? आम्ही म्हणतो, शिष्यही जेवतो, राहतो आणि भाडे देतो. शिवाय ज्यास काही कळले आहे तो पुनः येतो. सूर्यास्त पाहणारा पुढील वर्षी अधिक स्वस्त सूर्यास्ताकडे वळतो. तेव्हा सत्य सांगणे हे शेवटी व्यापाराच्याही हिताचे आहे.

सिंहलद्वीपाने आपल्या पत्रकात सोपाऱ्याचे नाव घालावे अशी आमची सूचना आहे. आणि तेथून कोणी ते नाव वाचून आमच्या स्तूपाकडे आलाच, तर त्यास दाखविण्याजोगी व्यवस्था आपण ठेवावी, ही आमची आमच्याच वाचकांस विनंती आहे. आमच्यापैकी किती जणांनी आगगाडीच्या स्टेशनापासून तो स्तूप किती दूर आहे हे पायांनी मोजले आहे? दीपवंसातील सोपारकर यजमान म्हणून कमी पडले नव्हते. आता पाहुणे होण्याची पाळी आपली आहे. त्यांनी ज्यांस सहन केले तसे पाहुणे आपण होऊ नये, एवढे तरी त्या जुन्या पाली पानांवरून शिकण्यासारखे आहे.