भिंतींचे आतिथ्य

नव्या वास्तूविषयी लिहिताना आपल्याकडे तिची भव्यता, तिला आलेला खर्च आणि तिचे उद्‌घाटन करणाऱ्या पाहुण्यांचे नाव यांचा उल्लेख न चुकता होतो. त्या वास्तूत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसाला आपली वाट कशी सापडते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक कोणत्याही सार्वजनिक इमारतीची खरी परीक्षा तेथेच होते. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी ती कोणत्या स्वरात बोलते, यावरून ती बांधणाऱ्यांचे मन कळते. संगीत, नृत्य आणि नाट्य शिकविणाऱ्या विद्यालयाच्या बाबतीत तर ही परीक्षा अधिकच कठोर असते. तेथे येणारा बहुधा लहान मुलगा किंवा मुलगी असते, सोबत आई किंवा वडील असतात, आणि सायखेड्यासारख्या गावातून शहरात आलेल्या त्या पालकांना ‘कला’ हा शब्द आधीच थोडा परका वाटत असतो. एकसारख्या दिसणाऱ्या दहा दारांपुढे ते दोघे गोंधळून उभे राहिले आणि कोणाला विचारावे हे न कळून मागे फिरले, तर एक गळा किंवा पायांतील एक ताल कायमचा मुका होऊ शकतो. म्हणून दिशादर्शक पाट्यांचा विषय आम्हांला सुतार-रंगाऱ्यावर सोपवून द्यावा इतका क्षुल्लक वाटत नाही. तो आतिथ्याचा विषय आहे.

वाट दाखविणारी खूण अक्षरांचीच असावी लागते, असे नाही. आमच्या गोदाकाठच्या लोकांना हे नव्याने सांगावयास नको. नाशिकला रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गोदावरी चढू लागली, की पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, अशी वार्ता निघते. नदीच्या खालच्या अंगाला सायखेडा-चांदोरीपर्यंत तिचा अर्थ शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळतो. २०१६ आणि २०१९ या वर्षांच्या ऑगस्टमधील पूर ज्यांनी पाहिले, त्यांना त्या एका मूर्तीने किती सांगता येते हे ठाऊक आहे. घनफुटांचे आकडे सर्वांना उमगत नाहीत, परंतु माणसाच्या आकाराच्या देहावर चढणारे पाणी सर्वांना उमगते. चांगल्या खुणेचे पहिले लक्षण हेच, की ती पाहणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टीवर उभी असते.

पाटीत विनोदही असू शकतो, हेही मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. पुणेरी पाट्यांचा लौकिक सर्वश्रुत आहे. त्यांतील भाषेची धार, शब्दांची काटकसर आणि ठेवणीतला तिरकसपणा यांना आम्हीही मनापासून हसलो आहोत. तथापि, त्या विनोदाची दिशा पाहावी. त्यात हसणारा घरातला असतो आणि ज्याला हसावयाचे तो दाराबाहेरचा. घंटा केव्हा वाजवू नये, वाहन कोठे लावू नये, पत्ता कोणाला विचारू नये हे सांगण्यात त्या पाटीची सारी प्रतिभा खर्ची पडते. हा विनोद कुंपणाचा विनोद आहे. विद्यालयाच्या भिंतीवर तो शोभणार नाही. तेथे हवा तो नवागताला आत ओढून घेणारा विनोद.

असा विनोद आपल्याच लोकांनी, आपल्या शेजारच्याच भूमीत, एका कलाशाळेच्या भिंतींवर रेखाटून ठेवलेला आहे. पणजीच्या कांपाल भागात, मांडवीच्या तीरावर असलेली कला अकादमी आमच्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. ही संस्था १९७० साली स्थापन झाली. भारतीय संगीत व नृत्य, पाश्चात्त्य संगीत आणि नाट्य यांचे शिक्षण ती देते. तियात्राच्या स्पर्धाही तेथेच रंगतात. तिची वास्तू चार्ल्स कुरैय्या यांची. १९७३ साली तिच्या आराखड्यास आरंभ झाला आणि १९८३ साली ती पूर्णत्वास गेली. दादरच्या लोकांना ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून परिचित असलेले सॅल्व्हेशन चर्च सत्तरीच्या दशकात ज्यांनी नव्याने उभारले, तेच हे वास्तुकार. अकादमीच्या मोठ्या सभागृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे, आणि त्या सभागृहाच्या भिंती लोटलीच्या मारिओ मिरांडा यांच्या रेषांनी बोलक्या झाल्या आहेत.

प्रथम वास्तूकडे पाहू. ती उंच नाही. रस्त्यालगत ती आडवी पसरलेली आहे आणि तिच्या दर्शनी भागी लांबलचक मांडवासारखे छत आहे. आपल्याकडे लग्नघरापुढे मांडव घालतात तो कशासाठी? आत यावे की न यावे, हा संकोच त्या सावलीत विरघळावा म्हणून. कुरैय्यांनी हेच साधले आहे. रस्ता कोठे संपला आणि वास्तू कोठे सुरू झाली, हे पायांना नीटसे कळतच नाही. दालनातून पलीकडे नदीचा उजेड दिसतो आणि माणूस उजेडाच्या दिशेने आपोआप चालू लागतो. उघड्या रंगमंचाकडे, नदीकडे नेणारी ही ओढ म्हणजे एक अक्षरही न लिहिलेली पाटीच होय. कोणत्याही इमारतीत पाट्यांची गर्दी झाली, की वास्तुकाराचे काही चुकले आहे असे खुशाल समजावे. भिंती आणि प्रकाश यांना जे सांगता आले नाही, ते मग रंगाऱ्याला सांगावे लागते.

आता मारिओंच्या चित्रांकडे वळू. सभागृहात शिरताच दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जुन्या गोमंतकीय नाट्यगृहाचे सज्जे दिसतात. त्या सज्जांत प्रेक्षक बसलेले आहेत. सज्जे रंगविलेले आहेत आणि प्रेक्षकही. मारिओंच्या परिचित शैलीतील ही माणसे आहेत, ऐटबाज आणि किंचित हास्यास्पद, पण कधीही तुच्छ न केलेली. प्रथम येणाऱ्याची क्षणभर फसगत होते, आणि मग त्याला हसू येते. ते हसू फार मोलाचे आहे. नाट्यगृहात कसे बसावे, काय ल्यावे, केव्हा टाळी वाजवावी या चिंतेने आखडलेला माणूस त्या हसण्याने सैल होतो. येथे आपल्यासारखेच लोक येतात, थोडे नटून, थोडे अवघडून, असे भिंत त्याला सांगते. अमुक रांग, अमुक आसन हे तिने सांगितले नाही. तू येथे परका नाहीस, एवढेच सांगितले. वाट चुकलेल्या माणसाला दिशेच्या आधी हेच ऐकावयाचे असते.

या चित्रांचा आणखी एक गुण आम्हांला विशेष वाटतो. प्रेक्षक त्यांच्याकडे पाहतो ते काही क्षण, परंतु रंगमंचावर उभा राहणारा विद्यार्थी त्यांना समोर ठेवूनच तालीम करतो. रिकाम्या सभागृहाची भीती ज्याने अनुभवली आहे, त्याला हे लगेच पटेल. सुमारे हजार रिकाम्या खुर्च्यांपुढे पहिले वाक्य उच्चारणाऱ्या मुलाला कडेच्या सज्जांतून कोणीतरी पाहत आहे, ऐकत आहे, ही सोबत लहान नाही. कलाशाळेतील चित्र हे अशा रीतीने शिक्षणाचेच अंग बनते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. पाटी ही हेतूने बांधलेली वस्तू. खेळ मात्र हेतूच्या पलीकडचा. मग खेळकर पाटी ही कल्पनाच विसंगत नव्हे काय? आमच्या पिढीतील धर्मगुरूंना सेमिनरीत असताना रोमानो ग्वार्दिनी यांचा १९१८ साली प्रसिद्ध झालेला उपासनेवरील ग्रंथ अभ्यासावा लागे. उपासना ही खेळासारखी आहे, तिला व्यवहारी उपयोग नाही, परंतु तिला अर्थ आहे, असा विचार त्यात मांडलेला आहे. उपयोग आणि अर्थ यांतील हा भेद येथे आमच्या कामी येतो. पाटीवरील माहिती उपयोगासाठी असते. तेथे खेळ शिरला तर माणूस चुकतो. पाटीची रीत, तिचा स्वर, तिचे स्वागत यांत मात्र अर्थ असतो, आणि खेळाची जागा तीच.

हा भेद न पाळल्यास काय होते, याचे उदाहरण कुरैय्यांच्याच दुसऱ्या एका कामावरून देता येईल. पणजीपासून जवळ, दोना पावलाच्या बाजूला, १९७८ ते १९८२ या काळात त्यांनी ‘सिदाद द गोवा’ हे हॉटेल बांधले. तेथील भिंतींवर खोटी दारे, खोट्या खिडक्या आणि माणसे रंगवून एका काल्पनिक नगरीचा आभास निर्माण केला आहे. सुटीवर आलेल्या पाहुण्याला खरे दार कोणते हे शोधण्यात मौज वाटते, कारण त्याला कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नसते. हीच युक्ती विद्यालयाच्या वर्गांबाहेर कोणी योजली, तर ती थट्टा ठरेल. परीक्षेला उशीर झालेल्या मुलीपुढे रंगविलेले दार म्हणजे निर्दयपणाच. अकादमीत चित्रे सभागृहाच्या बाजूच्या भिंतींवर आहेत. तेथून कोणाला कोठे जावयाचे नाही, म्हणून तेथील फसगत कोणाला जाचत नाही. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच, पण जागेचा विवेक सांभाळल्याने तिचा परिणाम वेगळा झाला आहे.

मात्र याच कारणाने अकादमीच्या चित्रांची मर्यादाही दिसते. सभागृहात येऊन बसलेल्याची वाट शोधण्याची गरज संपलेली असते. तबल्याचा वर्ग, नृत्याची खोली, व्हायोलिनचे शिक्षक यांच्या शोधात निघालेल्या नवख्या मुलाला मारिओंचा हात धरता येत नाही. ज्या रेषेने बसलेल्यांना हसविले, ती चालणाऱ्यांच्या वाटेवर उतरली असती, तर हे काम पूर्णत्वास गेले असते. असे करता येते, याचे प्रमाण मेक्सिको शहरात आहे. तेथील भुयारी रेल्वे १९६९ साली सुरू झाली, तेव्हा लान्स वायमन यांच्या योजनेनुसार प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र मिळाले. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्यांची टेकडी, म्हणून त्या स्थानकाची खूण नाकतोडा. वाचता न येणारा प्रवासीही नाकतोडा पाहून उतरतो. आपल्या देशानेही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक पक्षाला चिन्ह देऊन हेच तत्त्व स्वीकारले होते. चित्र हे निरक्षरावर केलेले उपकार नव्हेत. सर्वांना एका पंगतीत बसविण्याची ती रीत आहे.

या दृष्टीने कलाशाळेच्या पाट्या योजणाऱ्यांना आम्ही काही गोष्टी सुचवू इच्छितो. पाटी असावी ती वाट फुटते त्या ठिकाणी. वाट चुकल्यानंतर भेटणारी पाटी केवळ पश्चात्ताप देते. एका विद्येला एकच चित्र असावे आणि ते प्रवेशद्वारापासून वर्गाच्या दारापर्यंत बदलू नये. ते चित्र नवख्याच्या डोळ्यांनी निवडावे. सतार आणि तंबोरा यांतील भेद शिकण्यासाठीच जो आला आहे, त्याला तो भेद पाटीवर ओळखावयास लावणे म्हणजे उत्तर आधी मागण्यासारखे आहे. त्यापेक्षा घुंगरू बांधलेली पावले, तबल्यावरील हात, उघडलेले ओठ, अशी माणसाच्या देहाची चित्रे घ्यावीत. रंगांवरच सारी भिस्त ठेवू नये, कारण सर्वांना रंग सारखे दिसत नाहीत. चित्राखाली देवनागरीत मोठे, ठसठशीत अक्षर असावे आणि ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे. दृष्टिहीनांसाठी बोटांना वाचता येणारी उठावाची खूण असावी. संगीताच्या क्षेत्रात त्यांचा मान मोठा आहे, आणि त्यांना दार न सापडणे ही नामुष्की संस्थेची. एवढे सांभाळल्यावर मग पावले जिन्यावर नाचत का जाऊ नयेत, किंवा शेवटच्या वळणावर तबलजीने थकून जांभई का देऊ नये? माहिती अचूक असली, की खेळाला मोकळे रान मिळते.

कला अकादमी २०२१ साली दुरुस्तीसाठी बंद झाली. काम चालू असताना, जुलै २०२३ मध्ये, तिच्या उघड्या रंगमंचाचे छत कोसळले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती पुन्हा खुली झाली. या काळात ध्वनी, प्रकाश, गळती यांविषयी पुष्कळ वाद झाले, आणि कलावंतांनी ते करावयासच हवे होते. आमची एवढीच भर आहे, की अशा वास्तूची निगा राखताना तिच्या आतिथ्याचीही निगा राखावी लागते. कुरैय्या २०१५ साली आणि मारिओ २०११ साली आपल्यातून गेले. छत पुन्हा घालता येते, पण दारातून नदी दिसण्याची सोय एखाद्या आडभिंतीने झाकली, किंवा भिंतीवरचे हसरे प्रेक्षक नव्या रंगकामाने फिके पडले, तर ती हानी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही.

हा सारा विचार आपल्या धर्मग्रामांना दूरचा वाटू नये. देवालयाच्या भिंतींवरील क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने ही आपली सर्वांत जुनी परिचयाची दिशादर्शक मालिका आहे. बाराव्या क्लेमेंट पोपमहोदयांनी १७३१ साली तिची संख्या चौदा अशी निश्चित केली. प्रत्येक स्थानी एक अंक, एक क्रूस आणि बहुधा एक चित्र असते. ज्यांना वाचता येत नव्हते अशा आपल्या पूर्वजांनी त्यांच्याच आधारे प्रभूच्या दुःखसहनाची वाट पायांनी गिरविली. अशी परंपरा लाभलेले आपण जेव्हा शाळा, सभागृह किंवा संगीतवर्ग बांधतो, तेव्हा भिंतीवर पहिली पाटी कोणती लावतो? बहुतेक ठिकाणी ती मनाईचीच असते. आत येऊ नये, बोलू नये, हात लावू नये. तिची गरज असेलही, पण तिने पहिल्या जागेवर हक्क सांगू नये. आपल्या धर्मग्रामात नवे सभागृह उभे राहत असेल, तर नकाशा मंजूर करण्यापूर्वी समितीने गावातील एखाद्या आजीला आणि एखाद्या सात वर्षांच्या मुलाला त्या जागेवर न्यावे आणि त्या दोघांना आपली वाट कोठे अडते ते पाहावे. पाट्या त्यानंतर रंगवाव्यात.