नावं ठेवताना

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिलं बारशाच्या दिवशी होतं, दुसरं बारसं आटोपून घरी परतताना. खोल समुद्रातल्या प्राण्यांच्या नशिबी मात्र दोन्ही एकदमच आलं.

1903 साली कार्ल कुन या जर्मन शास्त्रज्ञानं एका प्राण्याचं बारसं केलं. प्राणी काळसर-तांबडा, शेपटापासून भुजांच्या टोकापर्यंत जेमतेम फूटभर. भुजांमध्ये छत्रीसारखा पडदा, डोळे शरीराच्या मानानं भलतेच मोठे. नाव ठेवलं व्हॅम्पायरोट्यूथिस इन्फर्नालिस. अर्थ काय, तर नरकातला रक्तपिपासू म्हाकूळ! आता गंमत बघा. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे संशोधन संस्थेतल्या हेंक यान होविंग आणि ब्रूस रॉबिसन यांनी या 'रक्तपिपासू'चा आहार शोधून काढला. वरच्या पाण्यातून मेलेल्या जिवांचे कण, विष्ठा, चिकट पदार्थ असं सगळं बर्फासारखं हळूहळू खाली झरत असतं. हा प्राणी बारीक दोऱ्यासारख्या अवयवांनी ते गोळा करून खातो. रक्ताचा काही संबंधच नाही. कुणी अंगावर आलं तर हा आपला पडदा उलटा करून स्वतःभोवती गुंडाळून घेतो. पण नाव पडलं ते पडलंच.

आमच्या खानवेलहून समुद्र दिसत नाही. इथली साकरतोड दमणगंगेला मिळते आणि दमणगंगा दमणजवळ समुद्राला, एवढंच आमचं नातं. 2020 मध्ये दादरा नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, तेव्हा कागदोपत्री आम्हालाही समुद्रकिनारा मिळाला. बाकी आमचा समुद्र टीव्हीत आणि मोबाईलमध्ये. म्हणूनच तो आमच्यापर्यंत कोणत्या वेषात पोचतो, हे नीट बघायला हवं. माझ्या मते तीन वेषांत: राक्षस, तपस्वी आणि गुरू.

राक्षसाचा वेष बीबीसीच्या 'ब्लू प्लॅनेट 2' या 2017 च्या मालिकेत दिसतो. तिचा 'द डीप' हा दुसरा भाग मी तीनदा पाहिला आणि चौथ्यांदाही पाहीन. देवमाशाचं कलेवर तळाशी येऊन पडतं. आधी मोठे शार्क, मग खेकडे, शेवटी हाडं पोखरणारे किडे. एका मरणावर किती जणांचा संसार चालतो, हे इतक्या शांतपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. पण लांब दातांचा फँगटूथ मासा आला की जुन्या हिंदी सिनेमात खलनायक यायचा तसं संगीत सुरू होतं. हा मासा वीतभरसुद्धा नसतो. तोंडाशी आलेला घास अंधारात निसटू नये म्हणून त्याला ते दात. आपण पोळी निसटू नये म्हणून चिमटा वापरतो, त्यावर कुणी ढोल वाजवत नाही. कॅमेऱ्यानं जे खरं दाखवलं, ते संगीतानं खोटं पाडलं, अशी माझी या भागाबद्दल तक्रार आहे.

तपस्वी जपानमधला. तोबा मत्स्यालयात मेक्सिकोच्या आखातातून आणलेला एक जायंट आयसोपॉड होता. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली सापडतो आणि हात लावताच गोळी होतो, त्या किड्याचाच समुद्रातला नातेवाईक, पण जवळजवळ फूटभर लांब. 2 जानेवारी 2009 ला त्यानं एक मासा खाल्ला. त्यानंतर 14 फेब्रुवारी 2014 ला मरेपर्यंत त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. पाच वर्षं! लोक त्याला बघायला लोटले, त्याच्या जातीची मऊ खेळणी दुकानांत आली. अठाई आणि मासक्षमण ज्या घरांत ऐकत-बघत आम्ही वाढलो, तिथे ही गोष्ट कळली की हात आपोआप जोडले जातात. पण थांबा. उपवास म्हणजे भूक असताना, समोर ताट असताना, स्वतःहून घेतलेलं पच्चक्खाण. आयसोपॉडच्या मूळ घरात वरून शव कधी पडेल त्याचा नेम नसतो. एकदा भरपेट खायचं आणि मग महिनोन् महिने मंदपणे जगायचं, ही त्याच्या देहाची रीत. त्याला तपस्वी म्हटलं की आपलं कौतुक होतं, त्याचं काही होत नाही. शिवाय काचेपलीकडे त्याचं काही बिनसलं होतं का, हा प्रश्न टाळ्यांत बुडून जातो.

तिसरा वेष सर्वांत लोभस. 'माय ऑक्टोपस टीचर' (2020), दिग्दर्शक पिप्पा अर्लिक आणि जेम्स रीड. 2021 मध्ये याला ऑस्कर मिळालं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या थंड पाण्यात क्रेग फॉस्टर रोज डुबकी मारतो आणि एका मादी ऑक्टोपसची ओळख वाढवतो. शार्क तिची एक भुजा तोडतो, ती पुन्हा उगवते. शेवटी अंडी राखता राखता ती झिजून मरते. हे बघताना डोळे कोरडे ठेवायचे तर मन दगडाचंच हवं. रोज त्याच जागी जाऊन बघत राहणं, यात या चित्रपटाचा मोठेपणा आहे. पण त्यातलं प्रेम कशावर उभं आहे? ती हुशार आहे, तिच्या डोळ्यात ओळख दिसते, ती हात पुढे करते. म्हणजे ती आपल्यासारखी आहे आणि शिवाय खचलेल्या माणसाला उभं करण्याच्या उपयोगाची आहे. मग शेजारच्या खडकावरच्या स्पंजाचं काय? समुद्रकाकडीला ना चेहरा, ना मेंदू. ती कुणाची गुरू होणार? ज्याच्याकडून आपल्याला काही शिकायला मिळत नाही, त्याला जगायचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही.

आमच्याकडे जिवांची मोजणी इंद्रियांवरून होते. शांतिसूरींच्या 'जीवविचार' प्रकरणात शंख आणि कवडी दोन इंद्रियांच्या जिवांत येतात. आजच्या प्राणिशास्त्राच्या कसोटीला ती यादी जशीच्या तशी उतरणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नको. तिचं मोल दुसरीकडे आहे. यादीत येण्यासाठी शंखाला हुशार, देखणं किंवा उपकारी असावं लागत नाही. त्याला स्पर्श कळतो, रस कळतो, एवढं पुरे. मात्र यादी तोंडपाठ असणाऱ्या आमच्याच लग्नांत मोत्याच्या सरांवर सर चढतात. कल्चर्ड मोत्यासाठी शिंपला जिवंतपणी उघडून त्याच्या मांसात मणी रोवतात. ताटातला कांदा-बटाटा चाळणाऱ्या डोळ्यांना गळ्यातला मोती दिसू नये, याला काय म्हणावं?

हे सगळं केवळ कलेच्या चवीचं भांडण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. मध्य हिंदी महासागराच्या तळाशी बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट आहे. तिथल्या 75,000 चौरस किलोमीटरमध्ये त्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. जून 2021 मध्ये केंद्रानं 4,077 कोटींच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तिच्यातल्या 'मत्स्य 6000' या पाणबुडीनं तीन माणसांना सहा हजार मीटर खाली न्यायचं आहे. माणूस तिथवर जाणार याचा अभिमान मलाही आहे. पण असा गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, आणि समुद्रतळावर अशा गोळ्यांना धरून स्पंज आणि प्रवाळ जगतात. पॅसिफिकमध्ये 1979 साली गोळे उचलण्याची चाचणी झाली होती. त्या यंत्राचे चरे चाळीस वर्षांनंतरही तळावर दिसत होते. उद्या उत्खननाचा प्रश्न येईल तेव्हा त्या स्पंजांच्या बाजूनं कोण बोलेल? राक्षस बघायला बसलेला प्रेक्षक बोलणार नाही. गुरू शोधणाराही नाही, कारण स्पंज काही शिकवत नाही.

म्हणून मला वेगळी नजर जिथे दिसते तिथे मी थांबते. 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे लोक ओहोटीला गिरगाव, हाजी अली, जुहूच्या किनाऱ्यावर माणसांना घेऊन जातात. वाकून बघायचं, उचलायचं नाही, ओळखायचं आणि नोंद करायची. समुद्री गोगलगाय, फुलांसारखे झोअँथिड, प्रवाळ, सगळं घोटाभर पाण्यात. ना ढोल, ना अश्रू. कोस्टल रोडच्या कामासाठी, 2020 मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या 18 प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. का? तर कायद्याच्या यादीत त्यांचं नाव होतं. रस्ता अडला नाही, पण निदान पावलं अडखळली. नाव नीट ठेवलेलं असलं की इतपत तरी होतं.

खोल समुद्रावरचा पुढचा माहितीपट लागेल तेव्हा एकदा आवाज बंद करून बघा. भीती गेली, भक्ती गेली, तरी समोर जे हलत राहील, ते बघण्यासारखं आहे.