द्वादशीचं पाणी

एकादशी पंढरपूरची आणि द्वादशी बार्शीची, हे आम्हा बार्शीकरांना कुणी शिकवावं लागत नाही. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी भगवंताच्या देवळाकडे जाणारे रस्ते फुलतात. उपवास सोडायला आलेला माणूस ओट्यावर टेकतो आणि आधी पाणी मागतो. त्या पाण्यामागे अंबरीष राजाची कथा आहे. व्रताचं पारणं द्वादशी सरायच्या आत व्हायला हवं, आणि जेवायला बोलावलेले दुर्वास ऋषी तर स्नानाला गेलेले. परततच नाहीत. पाहुण्याआधी जेवावं तर अतिथीचा अपमान, न जेवावं तर व्रताचा भंग. राजा नुसतं पाणी पितो. पाणी पिणं म्हणजे जेवणंही आणि न जेवणंही. दुर्वासांना तेवढंही खपत नाही. पुढे त्यांनी राजावर सोडलेली कृत्या राक्षसी, तिचा नाश करून त्यांच्याच मागे लागलेलं सुदर्शन चक्र, त्रिभुवनातली त्यांची पळापळ, हे सारं होतं. शेवटी दुर्वासांसाठी चक्राला विनवणी करतो तो अंबरीषच. भागवतात तर असं आहे की पळून गेलेले दुर्वास परत येईपर्यंत, वर्षभर, राजा जेवलाच नाही.

लहानपणापासून ऐकलेल्या या कथेतला पाण्याचा घोट मला नव्यानं कळला तो लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना. हे आत्मचरित्र एका ख्रिस्ती बाईचं, आणि कथा आमच्या विष्णूच्या देवळातली. पण दोन्हींत प्रश्न एकच आहे: धर्म मोडू नये आणि माणूसही दुखावू नये, अशा पेचात सापडलेल्यानं करायचं काय? अंबरीषाला उत्तर शोधायला काही घटका मिळाल्या. लक्ष्मीबाईंना काही वर्षं लागली.

‘स्मृतिचित्रे’ सुरू होतं ते सुद्धा पाण्यापासून, आणि तिथेच या पुस्तकाची किल्ली आहे असं मला वाटतं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातला. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानं वडिलांना, नानांना, सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, आणि या धुण्यापायी सारं घर वेठीला धरलेलं. लक्ष्मीबाई हे इतकं खुसखुशीत सांगतात की वाचणारा आधी हसतो. मग चार पानं पुढे गेल्यावर थबकतो. हा विनोद एका फासावरून सुरू झाला होता! भ्यालेला एक माणूस स्वतःभोवती पाण्याचं रिंगण घालून बसला होता, आणि त्या रिंगणात त्याची बायकामुलंही ओली होऊन कुडकुडत होती.

दुःखानं माणूस मोठा होतो, असं आपण सहज बोलून जातो. ‘स्मृतिचित्रे’ पहिल्याच पानांत ते खोडून काढतं. नानांच्या वाट्याला दुःख थोडं का आलं होतं? पण त्यांचं जग त्यानं आकसलं. त्याच घरात वाढलेल्या मुलीवर पुढे आभाळ कोसळलं, आणि तिचं जग मात्र रुंदावत गेलं. आघात दोघांवर, संस्कार एकच, पाणीही तेच. मग फरक कशानं पडला? पुस्तकाचे चारही भाग मी या प्रश्नाच्या उजेडात वाचतो. लक्ष्मीबाई स्वतः हा प्रश्न कुठेच मांडत नाहीत, उत्तर तर देतच नाहीत. त्या प्रसंगामागून प्रसंग सांगत जातात, आणि उत्तर त्या प्रसंगांच्या फटींतून झिरपतं.

लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, नारायण वामन टिळक अठराचे. टिळक म्हणजे शीघ्रकवी, शीघ्रकोपी आणि तितकेच शीघ्रदाते. एका गावी, एका नोकरीत पाय ठरायचा नाही. घरात दाणा नसताना हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं ठरलं ते बायकोच्या पाठीमागे. पदरात चिमुकला दत्तू, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा बाईला धड सवाष्णपण नाही, धड वैधव्यही नाही.

त्या दिवसांत बहिणीच्या आधारानं त्या पंढरपुरात राहिल्या. हा भाग वाचताना आम्हा इकडच्या लोकांच्या पोटात निराळंच कालवतं. बार्शीची छोटी रेल्वे तेव्हा सुरूही झाली नव्हती. ती १८९७ची, आणि पंढरपूरपर्यंत पोचायला तिला १९०६ साल उजाडलं. आगगाडीनं येणारे वारकरी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीला उतरायचे आणि पुढे बैलगाडीनं पंढरपूर गाठायचे. ज्या गावी लोक विठ्ठलाची भेट मागायला येतात, त्या गावी ही बाई ताटातुटीचं दुःख घेऊन बसली होती. आणि तिथेच तिच्या तोंडून कविता निघू लागली. अक्षरं टिळकांनीच शिकवलेली, तीही मनाला येईल तेव्हा, तुकड्यातुकड्यानं. त्या अक्षरांत तिनं त्यांच्याच विरहाचं रडणं बांधलं. दुःखाला पहिली वाट फुटली ती इथे. नानांचं दुःख कोंडलेलं राहिलं आणि सोवळ्यात सडलं. त्यांच्या लेकीचं दुःख शब्दांत आलं आणि वाहतं झालं.

आता लेखणीकडे पाहू. एवढा मोठा घाव सांगताना लक्ष्मीबाई आवाज चढवत नाहीत. वाक्यं आखूड, बोलीतली, माजघरात बसून कुणी सांगावं तशी. मधेच संवाद. प्रसंग रंगात आला की त्या तो चटकन सोडून देतात, तात्पर्य सांगायला थांबत नाहीत. रडू कोसळेल असं वाटतं तिथे एखादी हास्यास्पद बारीकशी गोष्ट आणून ठेवतात. हे हसू दुःख झाकण्यासाठी नाही. ज्या दुःखाशी झटापट संपली त्याच दुःखाकडे माणूस असं हसून बघू शकतो. आणखी एक खूण म्हणजे नवऱ्याचा उल्लेख. ‘हे’ नाही, ‘तिकडची स्वारी’ नाही. त्या म्हणतात ‘टिळक’. एका शब्दात जवळीक आहे, आदर आहे आणि हाताएवढं अंतरही आहे. त्या अंतरामुळेच त्या टिळकांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, त्यांचं अफाट मन हे सारं एकाच मापानं मोजू शकतात. तक्रारीचा स्वर लागत नाही, आरतीचाही नाही.

नवराबायको पुन्हा एकत्र आली ती अहमदनगरला, आणि इथे या पुस्तकातलं सगळ्यांत नाजूक काम सुरू होतं. लक्ष्मीबाई आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. एरवी क्षणात भडकणारे टिळक इथे मात्र सबुरी धरतात. बायकोच्या श्रद्धेवर ते हात टाकत नाहीत. एका संसारात दोन पाणवठे नांदतात. धर्मांतरावर इतकं लिहिलं गेलंय, पण दोन श्रद्धांची माणसं एका छपराखाली रोजचा दिवस कसा काढतात, हे या पुस्तकाइतकं आतून मराठीत कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

मग केव्हातरी ते रिंगण पुसलं जातं. कसं? प्रवचनानं नाही, चमत्कारानं नाही. लक्ष्मीबाई मनाशी विचार करतात. पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात. माणसांत तसा भेद देवानं केला असता तर तोही दिसला असता. दिसतो तो फक्त बाई आणि पुरुष एवढाच. मग उरलेल्या जाती कुणी केल्या? माणसांनी. एवढं पटल्यावर त्या कुणाच्याही हातचं खायला तयार होतात. पानभरही न भरणारा हा प्रसंग आहे. न्यायशास्त्र शिकलेल्या पंडिताचा युक्तिवाद नव्हे हा. निवडण-टिपण करणाऱ्या बाईनं तांदळातून खडे वेचावेत तसा तो विचार आहे. पण बापाच्या घरापासून अंगात भिनलेलं भय त्यानं गळून पडतं. सोवळ्याचं पाणी तिथे संपलं आणि तहानेचं पाणी सुरू झालं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. खरी दीक्षा मला वाटतं आधीच, स्वतःशी बोलता बोलता, झाली होती.

पुढच्या पानांत दुष्काळ आहे, प्लेग आहे. नगरला प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाई आजाऱ्यांची सेवा करतात, अनाथ पोरांना पोटाशी धरतात. बापानं ज्या घराला परक्याचा वारा लागू दिला नाही, त्या घरची मुलगी परक्यांची घाण काढते. पण ही तुलनाही त्या करत नाहीत. मुलांची नावं, त्यांच्या खोड्या, पोटभर जेवण कसं पुरवायचं याची ओढाताण, यात त्या इतक्या गुंतल्या आहेत की आपण काही थोर करतोय हे ध्यानात यायला त्यांना सवड नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा म्हणजे क्रूस, दुसऱ्यासाठी सोसणं. ‘स्मृतिचित्रे’त क्रूसावर व्याख्यान शोधायला जाल तर हाती फार थोडं लागेल. तो दिसतो तो कडेवरच्या पोरात आणि उष्ट्या भांड्यांच्या ढिगात.

टिळकांची वाट निराळी होती. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं त्यांना वाटे. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, आणि मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गीतं म्हटली जातात. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, आणि ९ मे १९१९ला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांची श्रद्धा झेपावणारी, लक्ष्मीबाईंची पायी चालणारी. एका वारीत दोन्ही तऱ्हेची माणसं असतातच. पण उन्हात दूरवर कोण टिकतं, हे या मुलखाला सांगायला नको.

कारण टिळकांनी अर्धं सोडलेलं काम पुरं केलं ते लक्ष्मीबाईंनी. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी सुरू केलं आणि सुरुवातीचे अध्याय लिहून ते गेले. उरलेला, म्हणजे बराच मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. नवऱ्यानं फुरसतीत अक्षरं गिरवून घेतलेली बाई नवऱ्याचं महाकाव्य तडीला नेते! ‘स्मृतिचित्रे’ही मुळात स्वतःसाठी लिहिलेलं नव्हतं. मुलाला, म्हणजे त्याच दत्तूला, देवदत्तला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्याच्यासाठी आठवणी काढता काढता हे घडलं. १९३४ पासून त्याचे भाग येऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ला लक्ष्मीबाई गेल्या, आणि शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला. स्वतःबद्दल बोलायचं म्हणून ही बाई बोलायला बसलीच नव्हती. दुसऱ्याची गोष्ट सांगता सांगता तिची गोष्ट उमटत गेली, म्हणून तिच्यात ‘मी’चा दर्प नाही.

मग फरक कशानं पडला? इतक्या वाचनांनंतर मला वाटतं, नानांनी आपल्या भयाला देव मानलं आणि त्याला रोज आंघोळ घातली. लक्ष्मीबाईंनी आपलं भय उजेडात आणून त्याला विचारलं, तू कोण? विचारायचं बळ त्यांना एकाएकी आलं नाही. ते कवितेतून आलं, बहिणीच्या आधारातून आलं, वेगळी चूल मान्य करणाऱ्या नवऱ्याच्या सबुरीतून आलं, आणि ज्या येशूला त्या हळूहळू ओळखू लागल्या त्याच्याकडून आलं. श्रद्धेनं त्यांचं दुःख कमी केलं, असं पुस्तकात कुठेही नाही. त्या दुःखाच्या ओंजळीत दुसऱ्याची तहान मावेल एवढी जागा मात्र तिनं केली.

द्वादशीच्या दुपारी आमच्या गल्लीत कुणी अनोळखी माणूस पाणी मागतो तेव्हा त्याचं नाव, गाव, जात विचारण्याआधी तांब्या पुढे होतो. त्या वेळी मला अंबरीष आठवतो आणि त्याच्या शेजारी, पदर खोचून उभी असलेली, लक्ष्मीबाई आठवते. राजानं व्रत राखण्यासाठी घोट घेतला. तिनं माणसाला जवळ करण्यासाठी घेतला. आणि मला दोघांचंही पारणं खरं वाटतं.