चालणाऱ्याला वर का पाठवलं?

मागच्या व्याख्यानात रस्ता कोणाचा हा प्रश्न आपण अर्धवट सोडला होता. आज तो मुंबईच्या स्टेशनाबाहेर नेऊ.

वांद्रे पूर्वेला २००८ साली मुंबईतला पहिला स्कायवॉक उघडला. मग एमएमआरडीएने असे अनेक बांधले. कल्पना सरळ दिसते: स्टेशनाच्या दारात कोंडी होते, तर चालणाऱ्यांना वरून न्या. आमची हरकत इथेच आहे. दारात रिक्षा, टॅक्सी, बस, उभ्या मोटारी, आणि त्यांतून वाट काढणारी माणसं. यातून उचललं कोणाला? सर्वांत कमी जागा घेणाऱ्याला! माणसाला निव्वळ साधन मानू नका, असं कांटचं म्हणणं. इथे तर साधनही नाही हो, अडथळा मानलंय.

स्कायवॉक स्टेशनाच्या पुलाला जोडलेला असला की थोडं अंतर सुखाचं होतं, हे मान्य. पण भाजी खाली, बस खाली, शेअर रिक्षा खाली. म्हणून माणूस खालूनच जातो, आणि आपण त्याला बेशिस्त म्हणायला मोकळे. आमच्या मते तो हिशेब करतो, आणि बरोबर करतो. गुडघे दुखणाऱ्यांना तर तेवढाही विचार करावा लागत नाही.

ठाण्यात पश्चिमेला 'सॅटिस'ने उलटं केलं, बसच वर चढवली. रेल्वेच्या पुलावरून माणूस सरळ बसपाशी पोचतो. हा विचार जास्त बरा. पण खालची जमीन पुन्हा वाहनांनाच मिळाली.

म्हणून पूलच नकोत, असं आम्ही म्हणत नाही. रूळ ओलांडायला पूल लागतो, आणि रुंद लागतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. भोवती गिरण्या जाऊन कचेऱ्यांचे टॉवर आले, जिना मात्र अरुंदच राहिला. त्या सकाळी पाऊस म्हणून लोक जिन्यावर थांबले, आणि मागून गाड्या माणसं ओततच होत्या. पुढे लष्कराने तिथे पूल बांधला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुलाही झाला. म्हणजे ठरवलं तर पाच महिने पुरतात.

त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनापासून दीडशे मीटरमध्ये फेरीवाल्यांना मनाई केली. तीच पट्टी दारात उभ्या राहणाऱ्या मोटारींना लावून बघा ना. दारापासून बसथांब्यापर्यंत सपाट, सलग, जमिनीवरची वाट तेवढ्या जागेत सहज बसते.