नोरा व्होल्कोव यांचे व्यसनविषयक संशोधन : एक चिकित्सक आकलन

व्यसन हा इच्छाशक्तीचा दोष मानावा की मेंदूचा आजार, या वादाला प्रायोगिक आधार देणाऱ्या संशोधकांत नोरा व्होल्कोव यांचे स्थान अग्रभागी आहे. मेक्सिको सिटीत १९५६ मध्ये जन्मलेल्या व्होल्कोव यांनी तेथेच वैद्यकीय शिक्षण घेतले. न्यूयॉर्क विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेतल्यानंतर ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले आणि २००३ मध्ये त्या अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या संचालक झाल्या. अमली पदार्थ, वार्धक्य आणि निर्णयक्षमता हे त्यांचे अभ्यासविषय वरकरणी भिन्न वाटतात. तथापि त्यांना जोडणारा दुवा एकच आहे, तो म्हणजे मेंदूतील डोपामाइनचे 'डी-२' ग्राही. प्रस्तुत लेखात या दुव्याचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

व्होल्कोव व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ च्या शोधनिबंधानुसार कोकेनच्या व्यसनींमध्ये हे ग्राही कमी आढळले. ते जितके कमी, तितकी मेंदूच्या पुढील भागातील चयापचय क्रियाही मंद होती. मोह आवरणे आणि पर्यायांतून निवड करणे ही कार्ये याच भागाशी निगडित असल्याने, व्यसनी व्यक्तीची निर्णययंत्रणाच दुर्बल होते, असा निष्कर्ष पुढे आला.

१९९८ मध्ये त्यांनी २४ ते ८६ वर्षे वयाच्या ३० निरोगी व्यक्तींचा अभ्यास केला. वयानुसार ग्राही घटतात आणि या घटीचा संबंध बोटांच्या हालचालींचा वेग, एकाग्रता व विचारांची लवचिकता यांच्याशी आहे, असे त्यात दिसून आले.

हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ग्राही वार्धक्यातही घटतात. परंतु म्हणून वृद्ध व्यक्ती व्यसनाधीन होत नाहीत. व्होल्कोव यांच्या समग्र मांडणीत ही घट एकमेव कारण नाही. अमली पदार्थाशी निगडित खुणांना मिळणारा तीव्र प्रतिसादही तीत समाविष्ट आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र लोकांसमोर मेंदूची रंगीत चित्रे येतात, तेव्हा ही गुंतागुंत लोप पावते आणि सहसंबंधालाच कारणाचे रूप येते.

कार्यकारणाची दिशाही सरळ नाही. ज्या निरोगी पुरुषांमध्ये मुळातच ग्राही कमी होते, त्यांना मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध सुखद वाटले, असे व्होल्कोव यांच्याच १९९९ च्या अभ्यासात आढळले. म्हणजे कमतरता व्यसनापूर्वीही असू शकते. माकडांवरील २००२ च्या एका स्वतंत्र प्रयोगाने आणखी एक बाजू दाखविली : कळपात वर्चस्व मिळविलेल्या माकडांमध्ये ग्राही वाढले आणि त्यांना कोकेनची ओढ कमी राहिली. सामाजिक स्थान जर मेंदूची घडण बदलू शकत असेल, तर व्यसनाचे मूळ केवळ मेंदूत शोधणे अपुरे ठरते.

'आजार' या संज्ञेने व्यसनींवरील नैतिक दोषारोप सौम्य केला आणि उपचारांचा आग्रह बळावला, हे व्होल्कोव यांचे निर्विवाद योगदान होय. परंतु तीच संज्ञा व्यसनीला निर्णयास सर्वस्वी असमर्थ ठरवू लागली, तर उपचारांचा पायाच ढासळेल. कारण व्यसन सोडणे हाही अखेर एक निर्णयच असतो. म्हणून त्यांचे संशोधन अध्यापनात मांडताना मेंदूच्या प्रतिमेबरोबर त्या व्यक्तीच्या परिस्थितीचाही विचार होणे अगत्याचे आहे.